शंका आली की एक ठिपका

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईंचा सूर बरोबर नाही. सूर बरोबर असायला मी काही गायला बसलेली नाही. बावीस वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी नळ्या धुतल्या. कागदोपत्री मी टेक्निशियन होते, कोटाच्या खिशावर तसं शिवलेलंही होतं, पण दिवसातले निम्मे तास मी बेसिनपाशी उभी असायचे. त्या धुण्याबद्दल आणि माझ्या दादाच्या उजव्या हाताबद्दल मला सांगायचंय.

आम्ही ज्या खोलीत काम करायचो तिला कॅथ लॅब म्हणतात. पेशंटला टेबलावर झोपवायचं, जांघेतल्या रक्तवाहिनीला सुईने भोक पाडायचं आणि तिथून एक लांब लवचिक नळी आत सरकवत न्यायची. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती पोटातून, छातीतून हव्या त्या जागी पोचवायची. सुरुवातीला आमच्याकडे हृदयापर्यंतच जायचे. मग हिंजवडीत कंपन्या आल्या, कंपनीच्या विम्याची कार्डं गळ्यात घालून पेशंट यायला लागले, आणि परदेशात शिकून आलेले एक सर आमच्याकडे रुजू झाले. ते हृदयापाशी थांबायचे नाहीत, मानेतून वर मेंदूत शिरायचे. मेंदूतली रक्तवाहिनी कधी कधी एखाद्या जागी पातळ होते आणि तिथे फुगा येतो. तो फुटला की माणूस गेलाच म्हणायचा. सर त्या फुग्यात केसासारख्या प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायचे. वेटोळ्यांनी फुगा भरला की त्यात रक्त शिरत नाही आणि तो फुटत नाही. कवटी उघडायला नको, टाके नकोत. लॉबीत सरांचा हाताची घडी घातलेला फोटो लागला आणि त्याखाली मेंदूचं चित्र. सरांच्या हाताला तोड नव्हती, हे मात्र मी आजही कबूल करते.

आता त्या फोटोखाली न लिहिलेली गोष्ट. तारेची वेटोळी दर वेळी नवीकोरी असायची. सगळ्यात आत जाणारी बारीक नळीही नवी. पण ती बारीक नळी ज्या जाड नळीतून वर जाते, मानेपर्यंत पोचणारी, ती काम झालं की माझ्याकडे यायची. कंपनीच्या वेष्टनावर स्वच्छ छापलेलं असायचं की ही एकदाच वापरावी. आमच्याकडे ती चारदा वापरायचे. मी नोकरीला लागले तेव्हापासून तसंच होतं, आणि जे पहिल्या दिवसापासून असतं त्याबद्दल माणूस विचारत बसत नाही. मी तर नाहीच विचारलं. पिचकारीने आत पाणी मारायचं, औषधात भिजत घालायची, परत पाणी, मग हवा सोडून वाळवायची, पाकिटात घालायची आणि निर्जंतुक करायला गॅसच्या यंत्रात पाठवायची. माझ्यासारखी नळी कुणी धुत नाही असं सगळे म्हणायचे आणि मी फुशारून जायचे.

नळी किती वेळा वापरली ते लक्षात ठेवायला पाकिटावर काळ्या मार्करने ठिपके द्यायचे. एकदा वापरली की एक, दोनदा वापरली की दोन. तीन ठिपक्यांची नळी वापरून आली की कचऱ्यात. ठिपके द्यायचं काम माझं. मार्करला मी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाही, एवढा तोरा.

मग कॉम्प्युटर आले. गळ्यात पट्टे अडकवलेली दोन मुलं आठवडाभर आमच्याकडे येऊन बसली आणि सगळ्या स्टॉकचं सॉफ्टवेअर करून गेली. नवी नळी फोडली की तिच्या वेष्टनावरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचून घ्यायच्या, मग पडद्यावर ‘वापरली’ असं यायचं. त्यातल्या एकाने मला साळसूदपणे विचारलं की मॅडम, परत वापरायची असेल तर त्याचा कॉलम कुठे देऊ. मी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर म्हणाले, त्याची गरज नाही. झालं. त्या दिवसापासून एकदा वापरलेली नळी कॉम्प्युटरच्या लेखी जगातून उठलेली असायची. ती परत वापरात आहे हे फक्त माझ्या ठिपक्यांना माहीत. तपासणीला कुणी यायचं असलं की ती पाकिटं एका खोक्यात भरून जुन्या फाइलींच्या मागे सरकवायची. तेही मीच करायचे.

अडचण अशी होती की पाकीट टेबलापाशीच फाडून टाकलेलं असायचं. दिवसाला दोन केस असताना ठीक होतं. पाच-सहा व्हायला लागल्या तेव्हा सगळ्या नळ्या एका ट्रेमध्ये, एकमेकींत गुंतलेल्या, रक्ताने माखलेल्या माझ्यासमोर यायच्या. कुणाला दोन ठिपके होते आणि कुणाला तीन, ते आता कुणी सांगावं? मी रोज ओरडायचे की पाकीट नळीबरोबर पाठवा. सगळे हो म्हणायचे आणि पाकीट कचऱ्यात टाकायचे. सुरुवातीची काही वर्षं शंका आली की मी नळी सरळ फेकून द्यायचे. मग एका महिन्यात नळ्या कमी पडल्या आणि मीटिंगमध्ये माझा विषय निघाला. सर हसत हसत म्हणाले, “बाई, तुम्हाला शंका फार येतात.” सगळे हसले. मीही हसले, कारण तिथे न हसणं म्हणजे भांडण काढणं होतं.

त्यानंतर मी माझा एक नियम केला. शंका आली की एक ठिपका. तीन का नाही, असं तुम्ही विचाराल. तीन दिले की पुढच्या खेपेला ती कचऱ्यात जाणार, मग परत नळ्या कमी पडणार आणि परत माझ्या शंकांवर हशा. एक ठिपका दिला की कुणी काही बोलत नाही. मी चिडकी, भांडखोर, पेठेतल्या मुलीचं तोंड असलेली म्हणून हॉस्पिटलभर प्रसिद्ध. पार्किंगवरून मी मॅनेजरला उभा-आडवा घेतला होता. आणि माणसांच्या मेंदूत जाणाऱ्या नळीबद्दल मूग गिळून गप्प. कुणाला त्यामुळे काही झालं का? मला माहीत नाही. झालं असेल तर ते बेसिनपर्यंत आलं नाही.

आता दादा. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं घर कसबा पेठेत, खाली तांब्याच्या कामाचं दुकान आणि वर दोन खोल्या. वडील बंब बनवायचे, पाणी तापवायचे तांब्याचे बंब. घरोघरी गीझर आले आणि बंब गेले. वडील त्या धक्क्यातून काही बाहेर आले नाहीत. दादा आला. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जातात, त्याला आमच्यात मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा एक गोल चकचकीत ठसा उमटतो. ओळ सरळ पाहिजे, ठसे एकमेकांवर चढायला नकोत, मधे जागा सुटायला नको. दादाच्या भांड्यावर ते ठसे असे बसायचे की बोट फिरवलं तर एकसारखं लागायचं. कंपन्यांमधल्या लोकांना अचानक तांब्याचं वेड लागलं. वाघोलीपासून बाणेरपर्यंत नव्या फ्लॅटांमध्ये तांब्याचे जग, तांब्याचे दिवे, हॉटेलांच्या भिंतींना तांब्याचे गोल. ज्या लोकांनी बंब मोडीत काढले त्यांचीच पोरं दादाच्या दारात गाडी लावायला जागा शोधत फिरायची. दादा म्हणायचा, येऊ देत, उशिरा का होईना शहाणी झाली.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. वहिनीचा फोन आला की ह्यांनी हातोडी बोटावर मारून घेतली. मी हसले. दादा आणि बोटावर? मग ती म्हणाली की डावी पापणी खाली आलीये आणि ह्यांना दोन-दोन दिसतंय, दोन हातोड्या, दोन जग. माझं हसणं जिथल्या तिथे थांबलं. इतकी वर्षं त्या खोलीत काढल्यावर एवढं मला कळत होतं. मी त्याला त्याच दिवशी आमच्याकडे आणला. तपासणीत दिसलं की मेंदूच्या डाव्या बाजूला फुगा आहे आणि तो डोळ्याच्या नसेवर दाबतोय. सर म्हणाले, फुटायच्या आत भरून टाकू, दोन दिवसांत.

दादाला ते पटत नव्हतं. त्याने दुसऱ्या एका म्हाताऱ्या सर्जनला कागद दाखवले होते. त्यांनी सांगितलं होतं की डोकं उघडून फुग्याच्या मानेला चाप लावता येईल. दादाला तेच बरं वाटत होतं. झाकलेल्या भांड्यात हात घालून काम करायचं हे त्याच्या बुद्धीला मानवत नव्हतं, समोर दिसलं पाहिजे. मी त्याला झाड-झाड झाडला. म्हटलं, तू भांडी ठोक, मेंदूतलं मला कळतं. कवटी उघडली की महिने जातील, आमच्याकडे जांघेतून जातात, पंधरा दिवसांत दुकानात बसशील. शिवाय तिकडे आपलं कोण आहे? इकडे सगळी आपली माणसं. आमच्या पेठेत हॉस्पिटल असंच निवडतात, कुणाचा मेहुणा कुठे आहे ते बघून. आपलं माणूस आत असलं की जणू यंत्रंसुद्धा ओळख दाखवतात. दादानेही मान डोलावली.

आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. वहिनी खाली चहाला गेली होती. तो एक डोळा झाकून माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी एकच दिसेन. म्हणाला, तांबं ठोकून ठोकून कडक होतं, परत भट्टीत लाल केलं नाही तर चिरतं. मग विचारलं, “तुमची ती नळी एकदाच वापरतात ना?”

मी म्हटलं, प्रत्येक नळी तपासलेली असते.

“मी काय विचारलं?”

“हो रे बाबा. एकदाच.”

“मग झालं,” तो म्हणाला. “बाकी काय व्हायचं ते होऊ दे, हात तेवढा राहू दे माझा.”

मी खोटं बोलले, पण मला वाटलं होतं की उद्या ते खरं करता येईल. कपाटात दोन सीलबंद नळ्या होत्या. सरांना सांगायचं आणि एक दादासाठी काढून घ्यायची, बस. सकाळी मी सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. त्यांच्याबरोबर चार माणसं होती. मी म्हटलं, सर, आज माझा भाऊ आहे, तर नळी जरा... सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, अहो बाई, तुमचा भाऊ तो आमचा भाऊ, बेस्ट वापरू. आणि गेले. बेस्ट म्हणजे नवी, असं मी धरून चालले. ‘नवी ना?’ एवढं विचारायला काय झालं होतं मला? पण ते विचारणं म्हणजे बाकीच्यांना आपण काय देतो ते चार माणसांत बोलून दाखवणं होतं. तिथे कुणी ते बोलत नसे.

नातेवाईक म्हणून मला टेबलापाशी उभं राहता येणार नव्हतं. मी काचेच्या अलीकडे, पडद्यांच्या खोलीत बसले. तिथून आत बोलायला टेबलावर माइक असतो, त्याला बटण असतं, दाबलं की आत ऐकू जातं. माझ्या मागे मॅनेजर येऊन उभे होते, हातात कॉफी. आत माझ्या जागी माझा कामातला जोडीदार होता, विदर्भातून आलेला, माझ्यापेक्षा लहान, देवमाणूस. दादाला भूल दिली होती, डोकं पट्ट्याने बांधलं होतं. जांघेपाशी सुई गेली. मग जोडीदाराने कपाटातून पाकीट काढलं आणि मला दिसावं म्हणून काचेपाशी आणून धरलं. मास्कच्या आतून तो हसत होता हे डोळ्यांवरून कळत होतं. स्पीकरवर त्याचा आवाज आला, “ताई, भावासाठी शोधून ठेवली न मी. एकच ठिपका हाय.”

काळा, गोल, माझ्या हातचा ठिपका. पाकिटाच्या पारदर्शक बाजूने नळीचं निळं बूड दिसत होतं आणि त्या बुडावर एक पांढरा ओरखडा. तो ओरखडा मीच पाडला होता, धुताना चिमटा घसरून. कधी, तेही मला आठवत होतं, गणपतीच्या आधी, कारण त्या दिवशी मला लवकर निघून मखराचं सामान आणायचं होतं. आता दिवाळी होऊन गेली होती. दर आठवड्याला बाहेर निघणारी नळी. मधे दोनदा तरी मला तिची शंका आली होती आणि दोनदा मी तिला एक ठिपका देऊन परत तरुण केली होती. ती निदान सहाव्यांदा तरी आत चालली होती, आणि दादासाठी म्हणून निवडून काढलेली.

मी बटण दाबलं. “सर.”

सर थांबले. नळी त्यांच्या हातात होती, अजून आत गेली नव्हती. “काय?”

आत सगळे काचेकडे बघायला लागले. मागे मॅनेजरांनी कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज आला. सर, ती नको, नवी घ्या. पाच शब्द. कारण द्यायची गरज नव्हती, भाऊ आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं, सरांनी खांदे उडवले असते आणि नवी घेतली असती. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की कुणीतरी ‘का’ म्हणून विचारणार, आणि मग एका ठिपक्याचा अर्थ काय हे मला सांगावं लागणार, आणि मग ह्या एका नळीवर ते थांबणार नाही.

“एसी थोडा कमी करू का?” मी विचारलं.

“करा,” सर म्हणाले.

आणि मी खरंच उठून एसी दोन अंशांनी कमी केला.

पुढचं सगळं छान झालं. सरांचा हात त्या दिवशी बघण्यासारखा होता. एकामागून एक वेटोळी फुग्यात बसली, फुगा भरला, पडद्यावर तो काळाभोर दिसायला लागला. मॅनेजर वा म्हणाले आणि गेले. शेवटचं चित्र घ्यायचं म्हणून सरांनी औषध सोडलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या त्या चित्रात झाडासारख्या दिसतात. डावीकडच्या झाडाची एक फांदी दिसली नाही. सुरुवातीच्या चित्रात ती होती. सर पडद्याच्या जवळ सरकले. गुठळी अडकली होती. त्यांनी गुठळी विरघळवायचं औषध दिलं, वाट बघितली, परत दिलं. फांदी हळूहळू आली, पण टोकाला नाहीच आली.

दादा शुद्धीवर आला, बोलला, वहिनीला ओळखलं, मला म्हणाला घसा सुकलाय. महिन्याभरात पापणीही वर गेली आणि दोनाचं एक दिसायला लागलं. उजव्या हाताचा खांदा हलत होता, कोपर हलत होतं. बोटं हलत नव्हती. पहिल्याच दिवशी सरांनी वहिनीला बाहेर समजावून सांगितलं की असं होऊ शकतं, ज्या फॉर्मवर सही केलीत त्यात लिहिलेलं आहे, जीव वाचला हे महत्त्वाचं. वहिनीने त्यांना हात जोडले. जोडीदार माझ्याजवळ येऊन रडला, म्हणाला, एवढी चांगली निवडली होती, ताई. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काय नालायक बाई आहे मी, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिले.

ती नळी त्या दुपारी नेहमीप्रमाणे माझ्या ट्रेमध्ये आली. मी ती कात्रीने उभी चिरली. आतून ती गुळगुळीत असते, नखावरून फिरवली तर कळत नाही. ही नखाला लागत होती. आता त्या नळीनेच गुठळी झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नव्या नळीनेही होते, सरांच्या हातून झालेली मी पाहिली आहे. ह्या वाक्याला मी कितीतरी वर्षं धरून बसले आहे. झोप त्याने येत नाही, पण नोकरी करता आली.

नोकरी मी लगेच सोडली नाही. सोडली असती तर कारण विचारलं असतं. पण त्या दिवसापासून शंका आली की मी नळी कापून टाकायला लागले. महिन्याला किती कापल्या असतील, ढीगभर. मी वाट बघत होते की मीटिंगमध्ये विषय निघेल, आणि ह्या वेळी मी बोलेन. विषय निघालाच नाही. नळ्या कमी पडल्या की नव्या मागवल्या, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणजे आधीही मला कुणी खाणार नव्हतं. एका हशाला घाबरून मी इतकी वर्षं ठिपके देत बसले होते. हे कळलं त्या दिवशी मी बेसिनपाशी उभी राहून एवढी रडले की लोकांना वाटलं घरी कुणी गेलं.

दादाने वर्षभर चेंडू दाबला. बोटं चेंडूभोवती वळायला लागली, कप धरता यायला लागला, बटण लावता येईना, हातोडी पेलेना. पेलली तरी ठोका पडेल तिथे पडायचा. एकदा त्याने डाव्या हाताने एक पेला ठोकून बघितला. ठसे एकमेकांवर चढलेले, मधे जागा सुटलेल्या. तो त्याने सरांना द्यायला माझ्याकडे दिला, जीव वाचवला म्हणून. सरांनी त्यात पेनं ठेवली. दुकानात आता वहिनी बसते आणि बाहेरून आणलेली यंत्रावरची भांडी विकते. यंत्र पत्र्यावर ठोक्यांसारखे ठसे दाबून देतं, सगळे एकसारखे. गिऱ्हाईक विचारतं, हाताचं आहे ना? वहिनी पुण्यात वाढलेली, ती म्हणते, पायाचं कसं असेल. दादा मागे स्टुलावर बसलेला असतो. तो ऐकत असतो.

मी आता निवृत्त आहे, वाघोलीला एका फ्लॅटमध्ये राहते. मागच्या उन्हाळ्यात दादा माझ्याकडे आठ दिवस राहायला आला होता. दुपारी जेवणं झाली, तो खुर्चीत बसला होता, मी खाली बसून लसूण सोलत होते. इकडचं तिकडचं बोलता बोलता तो म्हणाला, एक विचारतो, चिडायचं नाही. मी म्हटलं, मी कधी चिडते.

“तू तेव्हा माझ्याशी खोटं बोललीस. नळी वापरलेली होती.”

दादा शांतपणे सांगत होता. माझा जोडीदार दुसऱ्याच दिवशी वॉर्डात त्याला भेटायला गेला होता. बिचाऱ्याला राहवलं नव्हतं. त्याने सांगितलं की भाऊ, सगळ्यात कमी वापरलेली तुमच्यासाठी काढली होती, एकच ठिपका होता, तरी असं झालं, माफ करा. म्हणजे दादाला हे पहिल्यापासून माहीत होतं. चेंडू दाबताना माहीत होतं, पेला ठोकताना माहीत होतं, दर राखीपौर्णिमेला तोच हात माझ्यासमोर धरताना माहीत होतं.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस?

“काय बोलायचं? आधी राग आला होता. मग म्हटलं, एका ठिपक्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं.” त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सरळ करून मांडीवर ठेवली, तशी ती आपण होऊन सरळ होत नाहीत. “तू तिथे होतीस म्हणून एक तरी होता. दुसऱ्या कुणाला तीनची दिली असती.”

दादा माझ्याकडे बघत होता, दोन्ही डोळ्यांनी. कुणी मागे उभं नव्हतं, कुणी ‘का’ म्हणून विचारणार नव्हतं, आणि त्या एका ठिपक्याचा अर्थ सांगायला किती शब्द लागले असते तेही मला पाठ होतं. मी ओच्यातली सालं गोळा केली आणि उठले.

“चहा टाकते,” मी म्हणाले.

“टाक,” दादा म्हणाला.